वारा नसताना लाटा येतात कुठून? आश्वेच्या किनाऱ्यावरचे काही प्रश्न

पेडणे_किनारा (प्रश्न)

नमस्कार. माझी भाची गेल्या हिवाळ्यापासून उत्तर गोव्यातल्या आश्वेला सर्फिंग शिकत आहे. तिला ने-आण करण्याच्या निमित्ताने मीही किनाऱ्यावर बसून लाटा पाहू लागलो आहे. जन्म मांद्र्यातला, त्यामुळे समुद्र रोजच्या पाहण्यातला. तरीही इतक्या वर्षांत न पडलेले प्रश्न आता पडू लागले आहेत. इथे समुद्राचा अभ्यास असलेले आणि स्वतः पाण्यात उतरणारे असे दोन्ही प्रकारचे सदस्य आहेत, म्हणून विचारतो.

मार्चअखेरच्या एका सकाळी माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती, पाण्यावर सुरकुती नव्हती, आणि तरीही दर पंधरा सेकंदांच्या आसपास एक लांबलचक, सरळ रेषेत आलेली लाट पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर येऊन फुटत होती. त्याच आठवड्यात एका दुपारी जोराचा वारा सुटला, समुद्र फेसाने पांढरा झाला, आणि प्रशिक्षकांनी मात्र या लाटा शिकण्याच्या कामाच्या नाहीत असे सांगून मुलांना बाहेर काढले. वाराच नसेल तर चांगल्या लाटा तयार कशा होतात, आणि वारा असला की त्या बिघडतात का?

दुसरे असे की, प्रशिक्षक मोबाइलवर अंदाज पाहताना लाटेच्या उंचीपेक्षा तिच्या सेकंदांकडे आधी पाहतात. उंची महत्त्वाची नाही का? तिसरे, दर सातवी लाट मोठी असते असे आमच्या घरी सर्वजण मानतात. त्यात तथ्य किती? आणि शेवटचे, सर्वांत मोठ्या लाटा पावसाळ्यात येत असताना नेमके तेव्हाच सर्फिंग का बंद असते?

लाटांचा_अभ्यासक, दोनापावला

नमस्कार. प्रश्न फार चांगले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती एकत्रच देतो.

आपण त्या सकाळी पाहिलेल्या लाटा बहुधा दक्षिण महासागरातून आलेल्या होत्या. लाट किती मोठी होईल हे तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग किती, तो किती वेळ वाहिला, आणि मोकळ्या पाण्याच्या किती लांबीवरून वाहिला. दक्षिण गोलार्धात 40 ते 60 अक्षांशांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवणारी जमीन जवळजवळ नाही, त्यामुळे तिथली वादळे वर्षभर प्रचंड लाटा तयार करत असतात. वादळाच्या आत समुद्र अस्ताव्यस्त असतो. परंतु त्या क्षेत्रातून बाहेर पडलेल्या लाटा वारा मागे राहिला तरी प्रवास करत राहतात, आणि त्या प्रवासातच त्या एकसारख्या, सुटसुटीत रांगांमध्ये लागतात. अशा लाटांना स्वेल म्हणतात.

या रांगा लागतात त्याचे कारण मला स्वतःला समुद्रविज्ञानातील सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या उंचीवर अवलंबून नसतो. तो तिच्या आवर्तनकाळावर, म्हणजे लागोपाठच्या दोन माथ्यांमध्ये जाणाऱ्या सेकंदांवर, अवलंबून असतो. सेकंद जितके जास्त तितकी लाट वेगवान. गोव्यापासून सुमारे 7,000 किलोमीटर दक्षिणेला वादळ झाले असे धरले, तर 18 सेकंदांच्या लाटांची ऊर्जा ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगाने निघून पावणेसहा दिवसांत इथे पोहोचते, आणि त्याच वादळातील 14 सेकंदांच्या लाटांना जवळजवळ साडेसात दिवस लागतात. म्हणून दूरच्या वादळाच्या लाटा येऊ लागल्या की पहिल्या दिवशी सेकंद जास्त असतात आणि पुढे ते हळूहळू उतरत जातात. ते कोणत्या गतीने उतरतात हे मोजले की वादळ किती दूर आणि केव्हा झाले याचे गणित किनाऱ्यावर बसून मांडता येते.

हे गणित वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने खरोखर मांडले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आणि हाराल्ड स्वेरड्रुप यांनी किनाऱ्यावरील लाटांचा अंदाज बांधण्याची पद्धत तयार केली, आणि 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना तिचा उपयोग झाला. पुढे मेक्सिकोजवळच्या ग्वादालूपे बेटापाशी केलेल्या मोजमापांत त्यांना काही लाटा थेट हिंदी महासागरातील वादळांपासून आलेल्या आढळल्या. त्यानंतर 1963 मध्ये त्यांच्या गटाने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणी केंद्रे मांडून दक्षिणेतील वादळांच्या लाटांचा संपूर्ण पॅसिफिक ओलांडून माग काढला, तेव्हा वादळाच्या क्षेत्रातून बाहेर पडल्यावर लांब लाटांची ऊर्जा वाटेत फारच थोडी खर्च होते असे दिसून आले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ती लाट दक्षिणेतून आली याचा अर्थ तिथले पाणी आश्वेला आले असा नाही. भाताच्या शेतावरून वारा गेला की लाट शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि रोप जागच्या जागी राहते, तसेच खोल समुद्रात पाण्याचा प्रत्येक कण जवळजवळ वर्तुळाकार फिरून साधारण आपल्या जागी परत येतो. पुढे सरकते ती ऊर्जा. लाटांचा समूह ज्या वेगाने पुढे जातो त्याच्या दुप्पट वेगाने त्यातील एकेक माथा धावतो. त्यामुळे माथे समूहाच्या मागच्या टोकाला जन्मतात, त्यातून पुढे धावत जातात आणि पुढच्या टोकाला विरून जातात. आपली भाची ज्या लाटेवर उभी राहते तो माथा वादळात जन्मलेला नसतो, मात्र त्यातील ऊर्जा वादळातलीच असते.

आता सेकंदांविषयी. लाटेचा प्रभाव पाण्यात तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोहोचतो. 6 सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे 56 मीटर भरते, तर 16 सेकंदांच्या लाटेची जवळजवळ 400 मीटर. म्हणजे दुसरी लाट 200 मीटर खोलीवरच तळ चाचपू लागते, आणि गोव्यासमोरची समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा पाण्याखालचा रुंद तळ, त्याहून बरीच उथळ असल्यामुळे ही लाट किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटर दूर असतानाच मंदावू आणि वळू लागते. मागची ऊर्जा पुढच्या मंदावलेल्या भागावर येत राहते आणि लाट उंच होते. तळाशी होणारे घर्षण बाजूला ठेवून हिशेब केला, तर खोल समुद्रात एक मीटर उंच असलेली 6 सेकंदांची लाट फुटताना साधारण सव्वा मीटर होते, आणि तितकीच उंच पण 16 सेकंदांची लाट पावणेदोन मीटरांच्याही वर जाते. अंदाजात दोन्हींपुढे एकच आकडा, एक मीटर, लिहिलेला असतो. प्रशिक्षक आधी सेकंद पाहतात ते अगदी योग्य करतात.

गोव्यात येणारा प्रत्येक स्वेल दक्षिणेचाच असतो असे मात्र नाही. हिवाळ्यात इराणच्या आखाताच्या भागात शमाल नावाचे वायव्य वारे वाहतात आणि त्यांच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर वायव्येकडून येतात. आमच्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी त्यांचा तपशिलाने अभ्यास केला आहे. दक्षिणेच्या लाटांनी काय होऊ शकते हे पाहायचे असेल तर केरळकडे पाहावे. तिथे निरभ्र दिवशी, वारा नसताना समुद्र अचानक वस्तीत शिरतो आणि मच्छीमार त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात. आता शास्त्रीय लेखनातही तोच शब्द वापरला जातो. 2024 च्या मार्चअखेरीस तिथे असेच घडले होते.

आश्वे_सर्फ

सरांनी लाट इथपर्यंत आणून सोडली आहे, त्यामुळे शेवटच्या दोनशे मीटरांत काय होते तेवढे मी लिहितो. शिकवण्याचे आमचे सर्व काम त्याच पट्ट्यात चालते.

लाट पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊण पटीहून उंच झाली की फुटते. म्हणजे एक मीटरची लाट सव्वा ते दीड मीटर पाण्यात फुटणार. याचा अर्थ असा की, लाट कुठे फुटते ते किनाऱ्यावरून पाहिले की पाण्याखालची वाळू कुठे उंच आहे हे न उतरताच समजते. आश्वे आणि मांद्र्याकडे तळाचा उतार सौम्य आहे, त्यामुळे बहुतेक वेळा लाट एकदम कोसळत नाही. तिच्या माथ्यावरून फेस हळूहळू घरंगळतो, आणि नवशिक्यांना नेमकी तशीच लाट हवी असते. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीमधला फरक दोन मीटरांच्या आसपास जातो. जो दांडा ओहोटीला सुंदर लाट देतो त्याच्यावर पूर्ण भरतीत पाणी इतके वाढते की लाट न फुटताच पुढे जाते आणि थेट काठावर आदळते. त्यामुळे आमच्या वर्गाची वेळ घड्याळापेक्षा भरतीच्या तक्त्यावर ठरते.

वाऱ्याबद्दल आपण विचारले आहे. सकाळी एक तर हवा स्थिर असते किंवा जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते लाटेच्या समोरून येतात, तिचा पुढचा भाग गुळगुळीत ठेवतात आणि तिला थोडे उशिरा फुटायला लावतात. दुपारी खारे वारे सुरू झाले की ते लाटेच्या पाठीवरून येतात, माथा लवकर मोडतात आणि वर चार-पाच सेकंदांच्या स्थानिक लाटांची गर्दी करतात. दूरवरून आलेली चांगली लाट तेव्हाही खाली असतेच, पण तिच्यावर फळी स्थिर राहत नाही. मार्च ते मे या महिन्यांत हे वारे चांगलेच जोरदार असतात, म्हणून त्या दुपारी मुलांना बाहेर काढले असणार.

पावसाळ्यातील बंदीचे कारण केवळ लाटांची उंची नाही. त्या दिवसांत वारा सतत समुद्राकडून वाहत असतो, लाटा कमी सेकंदांच्या आणि एकमेकींच्या अंगावर येणाऱ्या असतात, पाणी गढूळ असते आणि किनाऱ्याची वाळू आत ओढली जाऊन तळाचा आकार सतत बदलत असतो. लाटांनी काठाकडे लोटलेले पाणी परत जाण्यासाठी दांड्यांमधल्या खिंडी शोधते आणि तिथून समुद्राकडे वेगवान प्रवाह वाहतो, ज्याला रिप करंट म्हणतात. तो जोरात असतो तेव्हा सेकंदाला दोन मीटरांहून अधिक वेग घेऊ शकतो, आणि या वेगापुढे ऑलिंपिकमधील जलतरणपटूही टिकणार नाही.

इथे सर्वांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. हा प्रवाह दिसायला शांत असतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मधल्या पट्ट्यात मात्र पाणी सपाट, थोडे गडद आहे, फेस किंवा पालापाचोळा समुद्राकडे जातो आहे, असे दिसले तर तोच पट्टा टाळायचा. पोहायला येणारी कुटुंबे नेमकी तीच जागा सुरक्षित समजून मुलांना घेऊन उतरतात, आणि ते पाहून दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. प्रवाह माणसाला पाण्याखाली खेचत नाही, फक्त बाहेर नेतो. अशा वेळी किनाऱ्याच्या दिशेने झुंज न देता तरंगत राहावे, हात वर करून जीवरक्षकांना बोलवावे आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद पट्ट्यातून बाजूला व्हावे. लाल-पिवळे झेंडे जिथे आहेत तिथेच पोहावे, हे वेगळे सांगायला नको.

रापणीचे_घर, मोरजी

सातव्या लाटेबद्दल आमच्या घरचा अनुभव लिहितो. आमच्या आजोबांच्या काळात रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, होडी पाण्यात लोटताना कोणी सात आकडे मोजत नसत. मोठ्या लाटा तीन-चार एकामागोमाग येतात आणि मग काही काळ समुद्र नरम पडतो, एवढे सर्वांना ठाऊक असे. त्या मोठ्या लाटा जाईपर्यंत सर्वजण होडीच्या काठाला हात लावून उभे राहत आणि शेवटची लाट फुटून फेस पायाखालून परतू लागला की एकदम जोर लावत. शापोरा नदीच्या मुखाजवळ हा अंदाज चुकला तर होडी आडवी होते. लाटा गटाने येतात, पण गटात किती येतील ते दिवसागणिक बदलते, असे वडील आजही सांगतात.

पेडणे_किनारा

सर्वांचे मनापासून आभार. भाचीला हे सगळे वाचून दाखवले. तिचे दोन प्रश्न आहेत: पोर्तुगालमध्ये इमारतीएवढ्या लाटांवर सर्फिंग होते, तशा लाटा गोव्यात का येत नाहीत, आणि त्सुनामीच्या लाटेवर सर्फिंग करता येईल का?

भौतिकी_फोंडा

मी उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवते. मोरजीच्या सदस्यांच्या वडिलांचे निरीक्षण अचूक आहे आणि ते साध्या गणिताने दाखवता येते, म्हणून आधी तेच घेते.

समुद्रात कधीच एका आवर्तनकाळाची लाट एकटी नसते. 12 आणि 14 सेकंदांच्या दोन लाटा एकत्र आल्या तर काही वेळा त्यांचे माथे जुळतात आणि काही वेळा एकाचा माथा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो. हे चक्र 84 सेकंदांनी पुन्हा येते, म्हणजे साधारण दर सहा-सात लाटांनी मोठी लाट दिसते. पण लाटा 14 आणि 15 सेकंदांच्या असतील तर तेच चक्र 210 सेकंदांचे होते आणि मोठी लाट चौदा-पंधरा लाटांनी येते. सातचा आकडा काही दिवस खरा ठरतो तो असा. प्रत्यक्षात दोनच नव्हे, अनेक लाटा मिसळलेल्या असल्यामुळे कोणताही ठराविक आकडा धरून पाण्यात उतरणे धोक्याचे आहे.

आता पोर्तुगाल. नाझारे या गावासमोर समुद्राच्या तळाशी 200 किलोमीटरांहून लांब अशी एक घळ आहे, ती जवळजवळ 5,000 मीटर खोलीपासून सुरू होऊन थेट किनाऱ्याच्या तोंडाशी येते. खोल पाण्यात लाट वेगाने जाते आणि उथळ पाण्यात मंदावते. त्यामुळे घळीवरून येणारा भाग पुढे निघतो, बाजूच्या उथळ तळावरचा भाग मागे राहतो, लाट वळते आणि दोन्ही भाग काठाजवळ एकमेकांवर चढतात. अटलांटिकमधील हिवाळी वादळांची ऊर्जा अशा रीतीने एका छोट्या जागेत गोळा होते. जर्मनीच्या सेबास्टियन स्टॉइट्नर यांनी 29 ऑक्टोबर 2020 रोजी तिथे 26.21 मीटर, म्हणजे 86 फूट, उंचीच्या लाटेवर सर्फिंग केले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. एवढी लाट इतक्या वेगाने धावते की हाताने वल्हवून तिचा वेग गाठणे जवळपास अशक्य असते, म्हणून सर्फरला जेट स्कीने ओढत नेऊन तिच्यावर सोडतात. गोव्यासमोर अशी घळ नाही. आहे तो रुंद, सौम्य उताराचा उथळ तळ, आणि तो उलट वाटेतच लाटांची थोडी ऊर्जा खाऊन टाकतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंग स्पर्धा 15,000 किलोमीटरांहून दूर असलेल्या ताहिती बेटावर, तिआहुपो इथे घेतली गेली, तीही तळामुळेच: तिथे प्रवाळाची भिंत खोल समुद्रातून एकदम वर येते आणि लाटेला हळूहळू मंदावायला जागाच मिळत नाही.

त्सुनामीवर सर्फिंग करता येत नाही. वाऱ्याच्या लाटेचे दोन माथे काही सेकंदांच्या अंतराने येतात, त्सुनामीचे दहा मिनिटांपासून तासाभराच्या अंतराने. तिची लांबी शेकडो किलोमीटर असू शकते, आणि 4,000 मीटर खोल समुद्रात ती ताशी 700 किलोमीटरांहून अधिक वेगाने जाते. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी हिंदी महासागर ओलांडत असताना एका उपग्रहाने मोजली, तेव्हा खोल समुद्रात तिची उंची एक मीटरही नव्हती. तीच किनाऱ्यावर आल्यावर पाण्याची पातळी वाढते आणि कितीतरी मिनिटे वाढतच राहते. फळी घसरायला लागतो तसा स्वच्छ उतार तिला नसतो, आणि मागे लाकूड, वाहने, घरांचे अवशेष घेऊन वाहणारे पाणी असते.

आणखी एक गोष्ट भाचीला सांगावी, कारण माझ्या विद्यार्थ्यांना ती फार आवडते. समुद्रात विरुद्ध दिशांनी आलेल्या सारख्या लाटा एकमेकींना भिडल्या की तळावर दाबाची स्पंदने पोहोचतात, आणि ती खोलीनुसार नाहीशी होत नाहीत. त्यामुळे जमिनीत अतिशय सूक्ष्म कंप सुरू राहतो. लाटांच्या निम्म्या आवर्तनकाळाचा हा कंप जगभरातील भूकंपमापकांवर, समुद्रापासून दूरच्या ठिकाणीही, सतत नोंदला जातो. त्याचे गणिती स्पष्टीकरण मायकेल लॉन्गेट-हिगिन्स यांनी 1950 मध्ये दिले.

पेडणे_किनारा

ताई, भाची आता भूकंपमापक कुठे पाहायला मिळेल म्हणून मागे लागली आहे. एकच शेवटचा प्रश्न: सकाळी तिला घेऊन निघण्यापूर्वी मी अंदाजात नेमके काय पाहावे?

लाटांचा_अभ्यासक, दोनापावला

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज पाहावा. त्यात स्वेलची उंची, आवर्तनकाळ आणि दिशा वेगवेगळी दिलेली असते. उंची अर्ध्या ते पाऊण मीटर आणि सेकंद आठ-दहा असतील, तर शिकणाऱ्यांसाठी बहुधा ठीक. उंची तेवढीच पण दक्षिण-नैर्ऋत्येकडून सोळा-अठरा सेकंद दिसत असतील, तर काठावर पोहोचल्यावर लगेच उतरू देऊ नये. अशा दिवशी मोठ्या लाटांचे दोन गट कित्येक मिनिटांच्या अंतराने येतात आणि मधल्या वेळेत समुद्र अगदी निरुपद्रवी दिसतो. किमान पंधरा-वीस मिनिटे उभे राहून मोठा गट येऊन जाताना प्रत्यक्ष पाहावा, त्या लाटा कुठे फुटतात आणि पाणी कुठून परत जाते ते भाचीलाच ओळखायला सांगावे, आणि मग प्रशिक्षक काय म्हणतात ते ऐकावे.